रात्रभराची कथकळी कशी पाहावी

कथकळी प्रथमच पाहायला बसलेला प्रेक्षक बहुधा कथा पुढे सरकण्याची वाट पाहत राहतो. गायन मल्याळममधले, मुख्य पात्रे तोंडाने बोलत नाहीत, आणि द्रौपदीने फूल मागून बराच वेळ उलटला तरी भीम अजून अरण्याच्या वाटेवरच असतो. अशा वेळी कंटाळा येतो आणि त्याचा दोष कलेच्या माथी मारला जातो. वास्तविक कथा सांगण्याची घाई कथकळीला कधीच नव्हती. रामायण, महाभारत आणि भागवतातील कथा समोरच्या प्रत्येकाला ठाऊक आहेत असे धरून नट उभा राहतो आणि त्यातला एखादा क्षण निवडून तो इतका विस्तारतो, की त्या क्षणात दडलेले भाव आणि दृश्ये एकेक करून बाहेर यावीत. हा विस्तार पाहायला शिकले की कथकळी पाहता येते. त्यासाठी आधी थोडी तयारी करावी लागते आणि प्रत्यक्ष रात्री लक्ष कोठे ठेवायचे हे ठरवावे लागते.

कथा आणि स्थळ निवडताना

ज्या काव्यावर प्रयोग उभा राहतो त्याला आट्टक्कथा म्हणतात. सतराव्या शतकात कोट्टारक्कर तंपुरान यांनी रचलेल्या रामनाट्टमातून कथकळी घडत गेली, आणि तिला भक्कम पाया दिला तो कोट्टयम तंपुरान यांच्या महाभारतावरील चार आट्टक्कथांनी: ‘बकवधम्’, ‘किर्मीरवधम्’, ‘कल्याणसौगंधिकम्’ आणि ‘कालकेयवधम्’. (हे कोट्टयम उत्तरेकडील मलबारमधले, दक्षिणेत याच नावाचे जे मोठे शहर आहे ते निराळे.) पहिल्या रात्रीसाठी यांपैकी ‘कल्याणसौगंधिकम्’ निवडावे असे मी आग्रहाने सांगेन. त्याची कथा छोटी आहे: वाऱ्याबरोबर आलेले सुगंधी फूल पाहून द्रौपदी तशीच आणखी फुले मागते, भीम ती आणायला निघतो, आणि वाटेत म्हाताऱ्या वानराच्या रूपात पडून राहिलेला हनुमान त्याचा गर्व उतरवतो. शृंगार, वीर, अद्भुत आणि वत्सल असे किती तरी भाव एवढ्याशा कथेत येतात आणि तीन वेगवेगळ्या प्रकारच्या वेषभूषाही पाहायला मिळतात. उण्णायि वारियर यांचे ‘नलचरितम्’ हे कथकळीतले सर्वोच्च काव्य आहे यात शंका नाही. परंतु ते चार दिवसांचे, म्हणजे चार रात्री करावयाचे आहे आणि त्याचा भार शब्दांवर व मनातल्या सूक्ष्म हालचालींवर आहे, म्हणून ते मागाहून पाहावे. इरयिम्मन् तंपी यांचे ‘कीचकवधम्’ दुसऱ्या खेपेला घेण्याजोगे आहे.

कथकळीचा खरा हंगाम देवळांच्या उत्सवांचा, म्हणजे हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंतचा असतो. पावसाळ्यात नट विश्रांती घेतात आणि विद्यार्थ्यांची कठोर मेहनत व अंगमर्दन चालते. तिरुवल्ला येथील श्रीवल्लभ मंदिरात भाविक नवस म्हणून कथकळी करवतात आणि त्यामुळे तेथे वर्षातल्या पुष्कळ रात्री प्रयोग असतो. कोट्टक्कल येथील विश्वंभर मंदिराच्या उत्सवातही कथकळीच्या रात्री असतात. तेथील नाट्यसंघ वैद्यरत्नम् पी. एस. वारियर यांनी १९३९ साली स्थापन केला. कोची शहरात पर्यटकांसाठी तास-दीड तासाचे प्रयोग रोज होतात. रंगभूषा आणि मुद्रांची तोंडओळख म्हणून ते जरूर पाहावेत, पण त्यावरून कथकळीविषयी मत बनवू नये, कारण ज्या विस्तारासाठी ही कला आहे त्याला एवढ्या वेळात जागाच मिळत नाही. देवळात जायचे असेल तर प्रवेशाचे आणि पेहरावाचे नियम आधी विचारून घ्यावेत. केरळातील अनेक देवळांत पुरुषांना मुंडू नेसून आणि अंगरखा उतरवून आत जावे लागते, मात्र कथकळीचा मंच पुष्कळदा बाहेरच्या आवारात असतो.

घरची तयारी

प्रयोगाच्या पत्रकावर कथेचे नाव आणि कोणता कलावंत कोणती भूमिका करणार हे छापलेले असते. नाव कळले की मूळ पुराणकथा वाचावी, पण तेवढ्यावर थांबू नये. आट्टक्कथेतील प्रसंगांचा क्रम, कोणत्या पदात कोण कोणाला काय म्हणतो, आणि प्रयोगात प्रत्यक्ष कोणते प्रसंग केले जाणार आहेत, हे एका कागदावर लिहून काढावे. पूर्ण आट्टक्कथा हल्ली क्वचितच होते. एका रात्रीत दोन-तीन कथांचे निवडक भाग ठेवण्याची पद्धत आहे. हा कागद जवळ असला की अंधारात शेजाऱ्याला विचारावे लागत नाही आणि डोळे मंचावर राहतात.

मुद्रा किती शिकून जाव्यात हा प्रश्न नेहमी येतो. कथकळी ‘हस्तलक्षणदीपिका’ हा ग्रंथ प्रमाण मानते आणि त्यात चोवीस मूळ हस्तमुद्रा आहेत. एका हाताने, दोन्ही हातांनी किंवा दोन भिन्न मुद्रा एकत्र करून त्यांपासून शेकडो अर्थ दाखवले जातात. एकटी पताका मुद्रा घेतली तरी ती सूर्य, राजा, हत्ती, सिंह, लाट, वेल अशा अनेक गोष्टींसाठी येते, आणि नेमका अर्थ हातांच्या हालचालीवरून, डोळ्यांवरून आणि गायल्या जाणाऱ्या शब्दावरून ठरतो. ज्यांनी भरतनाट्यम् पाहिले किंवा शिकले आहे त्यांनी एक सावधगिरी बाळगावी: नावे तीच असली तरी हाताचा आकार अनेकदा वेगळा असतो. कथकळीच्या पताकेत अनामिका दुमडलेली असते, आणि तोच आकार भरतनाट्यमात त्रिपताका म्हणून ओळखला जातो. माझ्या मते पहिल्या प्रयोगासाठी मी, तू, स्त्री, फूल, पाहणे, येणे-जाणे आणि नाही एवढ्या मुद्रा ओळखता आल्या तरी पुरे. सगळ्या मुद्रा वाचण्याच्या हट्टाने बसलेला प्रेक्षक हातांमागे धावतो आणि चेहरा हरवून बसतो.

रंग वाचणे

शक्य असेल तर प्रयोगापूर्वी दोन-तीन तास पोहोचावे आणि परवानगी घेऊन अणियऱ्यात, म्हणजे रंगपटात, एका कोपऱ्यात शांतपणे बसावे. नट आधी स्वतः चेहऱ्यावर रेषा आखतो. मग चटईवर उताणा पडतो आणि चुट्टीचा कारागीर तांदळाचे पीठ व चुना यांच्या लेपाने त्याच्या हनुवटीभोवती पांढरी कड चढवू लागतो. पूर्वी ही कड लेपाच्याच थरांची असे, आता त्यात कागद कापून बसवतात. या कडेमुळे चेहरा एका चौकटीत बसतो आणि गालाची बारीक थरथरही लांबून दिसते. शेवटी नट चुंडप्पू नावाचा बारीक कण पापणीखाली घालतो, त्याने डोळे लाल होतात, आणि हिरव्या चेहऱ्यावर त्या लाल डोळ्यांची प्रत्येक हालचाल उठून दिसते. हे सर्व पाहिलेले असले की मंचावर जे उभे राहते त्यात माणूस शोधण्याची सवय आपोआप सुटते. या तासांत छायाचित्रांसाठी कलावंतांना अडवू नये. चुट्टी चढत असताना नट भूमिकेचाच विचार करत असतो.

पात्राचा स्वभाव रंगावरून ओळखायचा असतो. धीरोदात्त नायक, राजे आणि देव हिरव्या रंगात येतात, त्यांना पच्चा म्हणतात; भीम, अर्जुन, नल, कृष्ण हे पच्चा. चेहरा हिरवाच, पण गालावर वर वळलेली लाल पट्टी आणि नाकाच्या शेंड्यावर व कपाळावर पांढरा गोळा असेल, तर ते कत्ती पात्र: रावण, कीचक, दुर्योधन, नरकासुर. हे पराक्रमी आणि रसिकही असतात, पण अहंकाराने बिघडलेले. म्हणूनच कत्ती मला कथकळीतला सर्वांत खोल वेष वाटतो, कारण एकाच पात्रात प्रेमयाचना आणि क्रौर्य दोन्ही पेलावे लागते. पच्चा पात्र तोंडातून आवाज काढत नाही, कत्ती मात्र अधूनमधून हुंकार आणि डरकाळी देते. दाढीवाल्यांचे तीन प्रकार आहेत. तांबडी दाढी दुःशासन, बाली अशा उग्र पात्रांची, पांढरी हनुमानाची आणि काळी किरातासारख्या वनचरांची. शूर्पणखेसारख्या राक्षसी काळ्या रंगात, म्हणजे करी वेषात येतात. स्त्रिया, ऋषी आणि ब्राह्मण यांचा वेष मिनुक्कू. त्यात चुट्टी नसते आणि चेहऱ्याला पिवळसर सौम्य झाक असते. शिव, बलराम अशा काही पात्रांचा चेहरा पळुप्पू, म्हणजे पिकल्या फळाच्या नारिंगी-पिवळ्या छटेचा असतो.

दिव्यापासून पडद्यापर्यंत

संध्याकाळी चेंडा (काठ्यांनी वाजवायचा ढोल), मद्दळम् (हातांनी वाजवायचा मृदंगासारखा ढोल), चेंगिला (धातूची थाळी) आणि इलत्ताळम् (झांजा) यांचे वादन होते. त्याला केळी म्हणतात आणि आज येथे कथकळी आहे हे गावाला त्यावरून कळते. रात्री मंचाच्या पुढ्यात खोबरेल तेलाचा उंच पितळी दिवा, आट्टविळक्क, पेटवला जातो. त्याची जाड वात नटाकडे आणि बारीक वात प्रेक्षकांकडे असते. त्याच्याजवळ, मंचाच्या मध्यापासून किंचित बाजूला, जमिनीवर बसावे. विजेचे दिवे आज सर्वत्र असले तरी कथकळीचे डोळे या दिव्याच्या अंतराला धरून घडवलेले आहेत आणि दहाव्या रांगेनंतर त्यांतले निम्मे कसब दिसत नाही.

कथेपूर्वी तोडयम्, वंदनश्लोक, पुरप्पाड आणि मेळप्पदम् असा पूर्वरंग असतो. हल्ली त्यात काटछाट होते, पण मेळप्पदम् असेल तर ते चुकवू नये: जयदेवाच्या ‘गीतगोविंद’मधील अष्टपदी गायक घोळवत गातात आणि चेंडा-मद्दळमचे वादक आपली ताकद दाखवतात. रात्रभर ज्या आवाजावर सर्व काही चालणार आहे, तो आवाज कानात बसायला ही उत्तम वेळ आहे.

तिरश्शीला हा दोन माणसांनी हातात धरलेला रंगीत पडदा. उग्र आणि गर्विष्ठ पात्रांचा प्रवेश त्याच्यामागून टप्प्याटप्प्याने होतो, त्याला तिरनोट्टम् म्हणतात. आधी चेंड्याचा गजर आणि डरकाळी ऐकू येते, मग पडद्याच्या काठावर बोटे दिसतात, पडदा थोडा खाली येतो, मुकुट आणि डोळे दिसतात, पुन्हा झाकले जातात. येथे प्रेक्षकाने पूर्ण पात्र दिसण्याची घाई करू नये. कत्ती पात्राची सत्ता, विलास आणि मद हे त्या पडद्याच्या काठावरच मांडले जात असते. पडदा हटल्यावर नटाची पावले पाहावीत. तो तळव्यांच्या बाहेरच्या कडांवर भार देऊन, गुडघे बाहेर वळवून उभा असतो, आणि एवढ्या जड पोशाखात तासन्‌तास तसा उभा राहण्यामागे लहानपणापासूनची मेहनत असते.

गायन, हात आणि डोळे

प्रयोगाचा मजकूर श्लोक आणि पद यांत विभागलेला असतो. श्लोकात कवी प्रसंग सांगतो, पदात पात्र बोलते. दोन गायक नटाच्या मागे उभे असतात. मुख्य गायक, पोन्नानी, हातातल्या चेंगिल्यावर ताल धरतो आणि दुसरा, शिंगिडी, इलत्ताळम् वाजवत ओळ उचलतो. ते एक ओळ पुन्हा पुन्हा गातात आणि नट तिचा एकेक शब्द हातांनी, डोळ्यांनी आणि सर्वांगाने उच्चारतो. भीम द्रौपदीला उद्देशून ‘पांचालराजतनये’ म्हणतो तेव्हा त्या एका संबोधनावर किती वेळ जातो ते पाहावे. पांचाल देश, त्याचा राजा आणि त्याची कन्या, सगळे हातांतून येते, पण नजर मात्र पूर्ण वेळ द्रौपदीवर असते. शृंगाराची पदे बहुधा अशीच विलंबित लयीत असतात, आणि विलंबित खयालाची बढत ज्यांनी मन लावून ऐकली आहे त्यांना हा संथपणा परका वाटणार नाही.

लक्ष कोठे ठेवावे याचा माझा सल्ला असा. ओळ पहिल्यांदा गायली जात असताना कागदावरचा अर्थ आठवावा. दुसऱ्यांदा हात पाहावेत. त्यानंतर फक्त डोळे पाहावेत. डोळे हातांच्या मागे चालतात आणि भाव त्या डोळ्यांतून सर्व चेहऱ्यावर पसरतो. ओळ संपली की कलाशम्, म्हणजे शुद्ध नृत्ताचा एक तुकडा येतो. त्या वेळी चेहऱ्याचा विचार सोडून पावले आणि चेंडा यांचा मेळ ऐकावा. पात्र ऐकत असेल तेव्हा तेही दृष्टीआड होऊ देऊ नये. कोट्टक्कल शिवरामन यांनी दमयंतीसारख्या स्त्रीभूमिकांना जी उंची दिली, तिच्यात न बोलता ऐकत बसण्याच्या अभिनयाचा वाटा मोठा होता. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करत आले; १९७५ साली तृप्पूणित्तुरा येथे स्त्रियांचे स्वतंत्र मंडळ उभे राहिले आणि तेथे भीमापासून राक्षसांपर्यंत सर्व वेष स्त्रियांनी केले.

इळकियाट्टम्: ज्यासाठी जागायचे

मग एक वेळ अशी येते की गायक गप्प होतात, फक्त चेंडा आणि मद्दळम् उरतात. येथून नट कवीच्या शब्दांतून मोकळा होतो आणि स्वतःच्या मनाने प्रसंग उभा करतो, हे इळकियाट्टम्. नवख्या प्रेक्षकाला हा भाग सर्वांत कठीण वाटतो, कारण आधार घ्यायला ओळच नसते, आणि जाणकार मात्र याच्यासाठीच रात्र काढतात. कोणता नट भूमिका करतो आहे याला येथे सर्वांत जास्त महत्त्व येते, आणि पत्रकावर कलामंडलम् गोपी यांचे नाव पाहून लोक दूरवरून का येत राहिले हेही येथेच कळते.

‘कल्याणसौगंधिकम्’मध्ये भीम अरण्यात शिरतो तेव्हा परंपरेने अजगर, हत्ती आणि सिंह यांचा प्रसंग केला जातो. भीमाला दिसते की एका हत्तीचा मागचा पाय अजगराने गिळायला घेतला आहे. हत्ती सोंड उंचावून आक्रोश करतो, त्या आवाजाने सिंह उठतो आणि हत्तीच्या गंडस्थळावर झेप घेतो. खालून अजगर गिळत राहतो. मंचावर असतो एकटा भीम, तेवढाच मुकुट, तोच हिरवा चेहरा. तो क्षणभर हत्ती होतो आणि त्याचे खांदे जड होतात, डोळे बारीक होऊन पाण्याने भरतात. मग अजगर होतो आणि नजर थंड, स्थिर, पापणी न हलवणारी होते. मग सिंह होतो. आणि मधूनमधून पुन्हा भीम होऊन हे सगळे पाहतो. पाहताना प्रत्येक बदलाचा सांधा पकडावा. नट एका प्राण्यातून दुसऱ्यात जाताना आधी श्वास बदलतो, मग डोळे, मग पाठ, आणि हात सर्वांत शेवटी. चांगल्या नटाच्या बाबतीत सांधा दिसतच नाही, फक्त प्राणी बदललेला दिसतो. हत्तीच्या यातनेत किती वेळ थांबायचे, भीमाच्या चेहऱ्यावर करुणा आणायची की निसर्गाचा हा क्रम पाहणाऱ्या वीराचे आश्चर्य, हे त्या रात्री नट ठरवतो. म्हणून हा प्रसंग एकदा पाहिला म्हणजे पाहून झाला, असे होत नाही.

या भागात चेंडा नटाच्या हातांना आवाज देतो. सोंड उचलण्यात एक ध्वनी, झेपेत दुसरा, अजगराच्या सरपटण्यात काठीचा अगदी हलका घर्षणवजा स्पर्श. कलामंडलम् कृष्णन्‌कुट्टी पोदुवाळ यांचा चेंडा आणि अप्पुकुट्टी पोदुवाळ यांचे मद्दळम् या जोडीचे नाव जुने रसिक नटांच्या बरोबरीने घेतात, ते याच कारणासाठी. स्त्रीपात्रांच्या वेळी चेंड्याऐवजी मृदू स्वराचा इडक्का येतो, हेही ध्यानात ठेवावे.

पहाटेपर्यंत

रात्रभर सारख्या एकाग्रतेने कोणालाच पाहता येत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. एखाद्या कथेत डुलकी घ्यावी, चहा प्यावा, पण आपण ठरवलेल्या प्रसंगाच्या आधी परत यावे. आवारात आयुष्यभर कथकळी पाहिलेले वृद्ध रसिक असतात. मध्यंतरी त्यांना विचारले तर ते आनंदाने सांगतात. प्रयोग चालू असताना मात्र बोलू नये आणि भ्रमणध्वनीवर चित्रण तर मुळीच करू नये, कारण त्या छोट्या पडद्याचा उजेड मागच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपले स्वतःचे पाहणे थांबते.

हनुमानाचा प्रवेश आला की भीमाची सगळी गती उलटी फिरते. ध्यानात बसलेल्या हनुमानाला अरण्यातला गोंधळ ऐकू येतो. कोण येतो आहे याचा तो विचार करतो, आपलाच भाऊ आहे हे ओळखतो, आणि मग म्हातारा होण्याचे ठरवतो. हे म्हातारे होणे पाहण्यासारखे असते: पांढऱ्या दाढीच्या, भव्य मुकुटाच्या त्या वेषात थरथरणारी मान आणि मिटत येणारे डोळे येतात, पण आतल्या आनंदाची एक रेघ ओठांजवळ राहते. भीम शेपटी हलवायला जातो तेव्हा बहुतेकांचे लक्ष त्याच्या खटपटीकडे असते. त्या वेळी हनुमानाकडे पाहावे. धाकट्या भावाची फजिती आणि त्याचे कौतुक ही दोन्ही एकाच चेहऱ्यावर असतात. त्यानंतर समुद्र ओलांडतानाचे विराट रूप, भीमाचे भय आणि नमन, आणि अर्जुनाच्या ध्वजावर बसून युद्धात साथ देण्याचे वचन येते.

शेवटच्या कथेनंतर एक नट धनाशी, म्हणजे समाप्तीचे छोटे वंदन-नृत्य करतो. ते होईपर्यंत उठू नये.

पुढच्या खेपेस नवी कथा शोधण्यापेक्षा तीच कथा दुसऱ्या नटाची पाहावी. दोन भीमांमधला फरक जेवढे शिकवतो तेवढे दहा वेगळ्या कथाही शिकवत नाहीत. जमल्यास चेरुतुरुत्ती येथील केरळ कलामंडलम् पाहावे. कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांनी मुकुंद राजा यांच्या साथीने १९३० साली ही संस्था स्थापन केली, शोरणूर जंक्शनपासून ती जवळच आहे, आणि सकाळी तेथील वर्ग अभ्यागतांना पाहता येतात. तेथे विद्यार्थी रंग आणि पोशाखाशिवाय पदे बसवतात, त्याला चोल्लियाट्टम् म्हणतात. उघड्या अंगाने, कच्चा नावाच्या साध्या कमरेच्या वस्त्रात उभ्या असलेल्या मुलाच्या पाठीचे आणि डोळ्यांचे काम तेथे स्पष्ट दिसते, गुरू लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल देत चूक दाखवतात, आणि तीच ओळ पुन्हा घेतली जाते.